उभे काटे

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘दर्शना ऑटो इलेक्ट्रिकल्स’ असं हातभर अक्षरात लिहिलंय, तरी शिळफाट्यावर गाडी थांबवणारा दर दुसरा माणूस मलाच विचारतो, ‘मिस्त्री कुठंय?’ सुरुवातीला मी चिडायचे. आता ‘जेवायला गेलाय’ असं सांगते, त्याचा हॉर्न दुरुस्त करून देते आणि तो गेल्यावर हसते. निम्मंच हसते. आयटीआयला मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा, म्हणजे मीटर-काट्यांचा कोर्स केला, वर्गात पहिली आले, आणि गेली अकरा वर्षं हॉर्न, बल्ब, बॅटरी करतेय. ज्याच्याकडे बोट दाखवून ‘हे मी केलंय’ म्हणावं, असं एक काम माझ्या नावावर नव्हतं.

म्हणून जितेश आला तेव्हा मी त्याला चहा पाजला. फुकट चहा मी सहसा कुणाला पाजत नाही.

जितेश कर्जतजवळच्या दहिवलीचा. त्याच्या आजोबांची पन्नासच्या दशकातली पिकअप पेंढ्याखाली पडून होती. तिचं त्याने हॉट रॉड करायला घेतलं होतं. म्हणजे जुन्या गाडीचं टप कापून बुटकं करायचं, बॉडी जमिनीला टेकेल इतकी खाली बसवायची, आत दणकट इंजिन घालायचं आणि ते झाकायचं नाही, उघडंच मिरवायचं. दोन वर्षं राबून, आरटीओचे उंबरठे झिजवून त्याने ती उभी केली होती. सगळं झालं होतं, फक्त ड्रायव्हरपुढे नुसतं भोक होतं.

“ताई, डॅशबोर्ड पायजे. दुकानात मिळतो तसला नको. आख्ख्या रायगडात नसंल असा.”

त्याचा मित्र नरेश सोबत होता. नरेशचं कर्जतला रंगाचं आणि स्टिकरचं दुकान, आणि जगातली सगळी अक्कल मोबाइलमध्ये. त्याचं म्हणणं होतं, एक मोठी स्क्रीन बसवावी, आकडे त्यावर नाचतील, भानगड मिटेल. जितेशला मात्र काट्याचे मीटर हवे होते. डॅशबोर्डाखाली पितळेच्या तीन पट्ट्या लावायचं त्याच्या डोक्यात होतं: बॉडी कुणी केली, रंग कुणी दिला आणि डॅशबोर्ड कुणी केला. पहिल्या दोन कोरून झाल्या होत्या. तिसरी कोरी पट्टी त्याने माझ्या टेबलावर ठेवली.

“काम पसंत पडलं की नाव कोरून घेतो.”

“आणि नाही पडलं तर?”

“मग स्क्रीन हायेच,” नरेश म्हणाला.

ती पट्टी मी रोज सकाळी फडक्याने पुसायचे. खोटं कशाला सांगू, मला तिच्यावर माझं नाव हवं होतं.

गाडी माझ्याकडे आली. मी जितेशला स्टेअरिंगवर बसवलं आणि त्याची नजर कुठे पडते ते पुठ्ठ्यावर खुणा करून ठेवलं. स्टेअरिंगच्या दांड्याआड जे येतं ते बाद. वेगाचा आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा असे दोन मोठे मीटर समोर. त्यांच्या वर, काचेच्या अगदी खाली, चार लहान मीटर एका ओळीत: ऑइलचं प्रेशर, ऑइलची उष्णता, पाण्याची उष्णता, बॅटरीचं चार्जिंग. पेट्रोलचा मीटर बाजूला, एकटा. आईच्या स्टीलच्या वाट्या पालथ्या घालून मी गोल आखले आणि पुठ्ठा कापून जागेवर लावला. आपलंच काम लांबून बघायला रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. चांगलं दिसत होतं.

आप्पांनी एकदाच बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

माझे वडील, काळूराम रोकडे, खोपोलीच्या एका कागद गिरणीत एकतीस वर्षं बॉइलरवर होते. गिरणी बंद होऊन जमाना झाला, पण अजून कुकरची शिट्टी झाली की आधी ते उठतात.

“आकडं सरळ कशाला ठेवलंस?”

“मग काय उलटे ठेवू?”

“गाडी चालवनारा वाचत नाय गं. नुसतं बगतो. वाचाया बसला तर खड्ड्यात जाईल.” त्यांनी पुठ्ठ्यावरच्या एका गोलावर बोट टेकवलं. “आमच्या पॅनलला बावीस मीटर व्हते. ज्याचा काटा नीट चालताना जिथं राहतो, ती जागा बरूबर वर यावी असा मीटर फिरवून बसवायचा. आकडं आडवं होऊ दे, डोक्यावर पडू दे. समदं ठीक असलं की बावीसच्या बावीस काटे उबे. एक जरी बिघडला तरी त्यो वाकलेला दिसनार. लाल रेघ यायच्या लय आधी.”

“आप्पा, ही शोची गाडी आहे. बॉइलर नाही.”

“इंजिन हाय ना? मग बॉइलरच.”

आम्ही दोन दिवस भांडलो. आमच्या घरात भांडण म्हणजे भाजी वाढतानाही चालू असतं. शेवटी आई मधे पडली, आणि तीही माझ्या बाजूने नाही.

माझी आई पारूबाई त्याच गिरणीत रद्दी निवडायला होती. आयुष्यभर छापील कागद निवडला, पण त्यातलं एक अक्षर तिला वाचता आलं नाही, आकडाही नाही. दुपारी ती आप्पांचा डबा घेऊन बॉइलरच्या दारात जायची.

“मी दारातूनच बगायची,” ती म्हणाली. “समदे उबे असले तर डबा उगडायची. एकबी वाकला असला की गप ऱ्हायची. हा मानूस काय त्यो उबा केल्याबिगर जेवत नसे. किती डाव डबा गार झाला.”

हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी गुपचूप जाऊन पुठ्ठा काढून आणला. हरले असं मात्र म्हणाले नाही.

पण अडचण पुढेच होती. काटा ‘नीट चालताना’ कुठे असतो, हे कोण सांगणार? मी इंजिनाचं पुस्तक उघडलं.

“पुस्तकाला नको इचारू,” आप्पा म्हणाले. “त्ये इंजिन दुसऱ्या गाडीत व्हतं तवाचं हाय. ह्या गाडीत घातल्यावर त्याचं काय म्हननं हाय, ते त्यालाच इचार.”

मग चार दिवस सकाळी आमची वरात निघाली. मीटर मी प्लायवुडच्या एका फळीवर तात्पुरते ठोकले, वायरी लांब ठेवून आत घेतल्या, आणि ती फळी मांडीवर घेऊन आप्पा जितेशच्या शेजारी बसले. मी मागे हौद्यात. आकडे कशासाठी ते जितेशला सांगितलं नव्हतं, डॅशबोर्ड बघूनच कळू दे म्हणून. खोपोली ते पळसदरी, तिथून कर्जत, आणि परत. दर दहा मिनिटांनी आप्पा चारही काटे बघून वहीत आकडे लिहायचे, गिरणीत दर तासाला लिहायचे तसे. चढावर वेगळे, सपाटीला वेगळे, फाटकापाशी थांबल्यावर वेगळे. पळसदरीच्या चहावाल्याने विचारलं, “काय काका, गाडीचं बीपी तपासताय का?”

आप्पा म्हणाले, “हां. नार्मल हाय.”

चौथ्या दिवशी वहीत चार आकडे ठरले. पाण्याची उष्णता चौऱ्याऐंशी. चढावर दोनेक अंश वर जायची आणि लगेच परत यायची. त्या आकड्यांवर मी एकेक मीटर त्याच्या भोकात फिरवला आणि मागून आवळला. ऑइल प्रेशरचे आकडे डाव्या कुशीवर निजले, चार्जिंगचे जवळजवळ पालथे झाले. पेट्रोलचा मीटर आप्पांनी फिरवू दिला नाही. ‘त्यो पडायचाच, त्याला पडू दे,’ म्हणाले. ॲल्युमिनियमचा पत्रा मी तीन दिवस घासला, एकाच दिशेने, एकही आडवा ओरखडा न येऊ देता. इंजिन बंद असताना चारही काटे डावीकडे पडलेले असायचे, आणि ते चालू होऊन तापेपर्यंत एकेक उठून सरळ उभा राहायचा. मी ते बघायला रोज उगाच गाडी चालू करायचे. माझ्या हातून इतकं देखणं काही झालं असेल यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

रविवारी जितेश आणि नरेश गाडी न्यायला आले. गाडी द्यायच्या दिवशी गिऱ्हाइकाला जेवायला घालायचं ही आप्पांची पद्धत, म्हणून आईने सकाळपासून चूल धरली होती. आप्पा विहारातून नुकतेच आले होते, पांढऱ्या सदऱ्यात स्टुलावर बसले होते. मी आतून पान्हा आणेपर्यंत नरेशने उघड्या इंजिनाचं समोरून शूटिंग उरकून घेतलं. मग जितेशने गाडी चालू केली, इंजिन रस्त्यावरच्यासारखं फिरत राहावं म्हणून रेसची खुंटी ओढून ठेवली, ते तापू दिलं आणि डॅशबोर्डवरचं फडकं काढलं.

नरेश हसायला लागला.

“ताई, आकडे झोपलेत की! हा तर शीर्षासन करतोय.”

मी समजावलं. चार काटे, चारही उभे, एका नजरेत काम. जितेशने ऐकून घेतलं, पण त्याचा चेहरा पडला होता. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते बघून माणसाचा चेहरा असा पडत नाही.

“ताई, डोकं चांगलं लावलंय,” तो म्हणाला. “पन बगनाऱ्याला चुकलंय असंच वाटंल. सरळ नाय का करता येनार?”

“येईल. दहा मिनिटांचं काम आहे. पण मी नाही करणार.”

“असं कसं? गाडी माजी हाय.”

“गाडी तुझी. काम माझं. बघणाऱ्यांसाठी नाही केलं, चालवणाऱ्यासाठी केलंय. सरळ करायचे तर दुसऱ्या कुणाकडून करून घे.”

माझा आवाज चढला होता. आप्पा सदऱ्याची बटणं बघत बसले. नरेश म्हणाला, “स्क्रीन मी बघून ठेवलीय, चार दिवसांत येईल.” जितेशने टेबलावरची पट्टी उचलली, जरा वेळ हातात धरली आणि खिशात टाकली. तोंड बघून वाटलं, त्यालाही ते जड गेलं असावं. मला मात्र कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. रडू येऊ नये म्हणून मी उगाच पान्हे लावत बसले. गाडी तशीच चालू होती.

तेवढ्यात आई आम्हाला जेवायला बोलवायला दुकानामागच्या घरातून मागच्या दाराने आली. हात पदराला पुसत गाडीत डोकावली आणि थांबली.

“जेवन थांबवा,” ती म्हणाली.

“का गं?”

“एक वाकलाय.”

नरेशने वाकून, मान तिरकी करून वाचलं. “शहाण्णव आहे, मावशी. लाल रेघ एकशे दहाला. अजून चौदा बाकी आहेत. काही नाही होत.”

“त्ये मला नाय कळत रं बाबा. तीन उबे हायत आनि ह्यो वाकलाय. आन वाकतच चाललाय.”

मी बघितलं. पाण्याचा काटा उजवीकडे कलला होता. चढावरसुद्धा तो इतका कधी कलला नव्हता. आप्पा स्टुलावरून उठले होते. मी पळत गाडीच्या तोंडाशी गेले. रेडिएटरचा पंखा बंद होता. त्याच्या वायरीचा प्लग काढून नळीच्या मागे नीट खोचून ठेवला होता.

“हे कुणी काढलं?”

नरेश खाली बघत म्हणाला, “व्हिडिओत वायर मधे येत होती. चांगली नव्हती दिसत. लावायची राहिली.”

मी प्लग बसवला. पंखा घरघरला. मग आम्ही पाचही जण गाडीच्या दारातून आत बघत उभे राहिलो. काटा जागचा हलेना, मग हळूहळू मागे यायला लागला. जितेशच्या कपाळावर घाम आला होता. ह्या इंजिनासाठी तो दोन वर्षं सणाला घरी नव्हता, हे मला ठाऊक होतं. काटा सरळ झाला तसा त्याने श्वास सोडला.

“ऱ्हायले चारी उबे,” आई म्हणाली. “चला, वाढते.”

जेवताना नरेश खाली मान घालून तीन भाकऱ्या जेवला. स्क्रीनचं नाव निघालं नाही. जितेशने खिशातली पट्टी काढून ताटाशेजारी ठेवली.

“नाव सांगा, ताई. नीट सांगा, कोरल्यावर खोडता येत नाय.”

मी किती दिवस ते नाव मनात कोरून ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

“दर्शना पारूबाई काळूराम रोकडे. हल्ली सरकारी कागदावर लिहितात तसं.”

“पट्टी ल्हान हाय, ताई.”

“मग अक्षर बारीक कर.”

आप्पांचा घास हातातच राहिला. मला त्या दोघांचा अभिमान वाटत होता. मी पट्टी जितेशकडे सरकवली.

आठ दिवसांनी जितेश गाडी घेऊन आला. बाजूच्या टपरीवरची माणसं उठून बघायला आली. कुणीतरी विचारलं, “हा मिस्त्री कोन?” आणि जितेशने माझ्याकडे बोट केलं. मी मात्र आईकडे बघत होते. ती वाकून पितळेच्या पट्टीवर अंगठा फिरवत होती.

“ह्यातलं माजं कंचं?”

मी तिचं बोट धरून दुसऱ्या शब्दावर ठेवलं. तिने बोट काढलं, मागे सरकून दारात जाऊन उभी राहिली आणि तिथून नीट बघितलं.

“सरळ हाय,” ती म्हणाली, आणि जितेशला म्हणाली, “चल रं, जेवाया.”