रिकामी खाच

धाकटीनं बनवलेला प्रोग्रॅम न थकता जुनी प्रथिनं तपासायचा. प्रथिनांच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून संशोधकांनी वर्षानुवर्षं जी मॉडेलं रचली होती, ती तो एकेक करून उचलायचा, मूळ मोजमापांशी ताडून बघायचा, अणू जरासे सरकवून नीट बसवायचा आणि जे जमत नसेल तिथे लाल खूण करायचा. संस्थेत सगळे त्याला ‘सासूबाई’ म्हणायचे, कारण कुणाचंही काम त्याच्या पसंतीला उतरत नसे.

एका दुपारी सासूबाईंनी ताईच्या मॉडेलवर खूण केली.

ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. तिचंच बोट धरून धाकटी या विषयात आली होती. ताईचं ते मॉडेल चांगलंच गाजलं होतं: एका जंतूच्या प्रथिनातली खाच, आणि त्या खाचेत चपखल बसलेला औषधाचा रेणू. प्रोग्रॅमचं म्हणणं, रेणू तिथे नाहीच. धाकटीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिनं रेणू काढून सगळं हातानं पुन्हा जुळवलं. तो खरोखर असता तर त्याच्या आकाराचा इलेक्ट्रॉनांचा ढग खाचेत उमटायला हवा होता. उमटले ते पाण्याचे सुटे ठिपके.

तिचा नवरा रसायनतज्ज्ञ होता, आणि त्याच रेणूवर बेतून नवी औषधं बनवत होता. एकही प्रथिनाला चिकटत नव्हतं. हल्ली तो जेवताना गप्प असे. आपल्या हातालाच यश नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

ती आधी ताईकडे गेली. भावजींनी दार उघडलं, तपासनीस आल्या म्हणून थट्टा केली आणि चहा टाकायला आत गेले. ताईनं स्क्रीनवरचं चित्र बराच वेळ फिरवून फिरवून पाहिलं. मग म्हणाली, त्या काळी साधनं अशी नव्हती, जे दिसलं ते मांडलं. धाकटीनं मान डोलावली.

“एवढ्या हजारो मॉडेलांत माझं एक वगळलंस, तर कुणाचं काय बिघडणार आहे?”

“माझ्या घरातच बिघडतंय, ताई. रोज.”

ताई उठून खिडकीशी गेली. “हे सगळं तुला मीच शिकवलं,” एवढंच म्हणाली. चहा तसाच निवला.

घरी येऊन धाकटीनं नवऱ्याला सांगितलं. त्याला हायसं वाटेल, अशी तिची समजूत होती.

“मग तिथे आहे तरी काय?” त्यानं विचारलं.

“पाणी.”

तो हसला. “म्हणजे माझी इतकी वर्षं खरोखरच पाण्यात गेली.” मग हसू मावळलं. “आणि हे तू आधी ताईंना सांगितलंस?”

पुढे ताईनं स्वतःच मॉडेल मागे घेतलं आणि दुरुस्त करून पुन्हा दाखल केलं. सोबतच्या टिपणात धाकटीचे आभार होते, पूर्ण नाव-आडनावासकट, परक्या माणसाचे मानावेत तसे. तेव्हापासून ताईची खुशाली तिला आईच्या फोनवरून कळते. नवऱ्यानं दुसरं काम हाती घेतलंय. जेवताना तो पुन्हा बोलू लागलाय, पण प्रयोगशाळेतलं काही सांगत नाही, आणि तीही विचारत नाही.