देवीला दाखवलेलं शेपूट

डोंगरदेवी दिसायला कुरूप आणि मनानं मत्सरी, असं गावच्या लाकूडतोड्यांनी ठरवून टाकलं होतं. तिला बघून कोण आलं होतं, हे विचारायची सोय नव्हती. बाईनं डोंगर चढायचा नाही, कारण देवी जळफळते आणि माणसावर झाड पाडते. तिची समजूत काढायला तिच्याहून कुरूप असा वाळका ओकोझे मासा कागदात गुंडाळून न्यायचा, नुसतं शेपूट दाखवायचं आणि म्हणायचं, यंदा लाकूड चांगलं दे, मग अख्खा दाखवतो. अख्खा कधीच कुणी दाखवला नाही. पिढ्यानपिढ्या एका देवीला शेपटावर झुलवत ठेवलं, आणि याला म्हणे भक्ती.

नुईचा भाऊ पाय मोडून कायमचा घरी बसला, तेव्हा लाकूडतोड्यांच्या टोळीतली त्याची जागा तिनं मागितली. टोळीच्या सगळ्या करवतींना धार तीच लावायची, पण अंगणात बसून. मुकादम गेन्पाचीनं देवीचं कारण पुढं केलं.

देवीच्या सणाला पायथ्याच्या देवळापाशी गाव जमलं. गेन्पाचीनं शेपूट दाखवलं, पुरुष रीतीप्रमाणं खदाखदा हसले. नुई पुढं आली.

"गेन्पाचीकाका, देवी देखण्या बायकांवरच जळते ना?"

"तर काय."

"मग मी देखणी आहे, असं तिच्यासमोर सांगा. मुकाट घरी जाते."

हसणं जागीच विझलं. गेन्पाचीची बायको तात्सु नैवेद्याच्या मोचीचं, म्हणजे तांदळाच्या मऊ गोळ्यांचं, ताट घेऊन शेजारीच उभी होती. चाळीस वर्षांच्या संसारात तो शब्द तिच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. तिनं ताट खाली ठेवलं आणि हात मोकळे केले.

"सांगा की," ती म्हणाली. "मलाही ऐकू दे."

गेन्पाचीनं मदतीसाठी टोळीकडं पाहिलं. टोळीतला जो तो आपापल्या बायकोकडं बघत होता.

"तू काही देखणी नाहीस, नुई," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. देवीला ऐकू जायला हवं."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. नुईला ते लागलं नाही असं नाही, पण तिनं वाकून नमस्कार केला आणि उद्या किती वाजता निघायचं ते विचारलं.

सणाला डोंगरात कुणी जात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भावाची करवत खांद्यावर टाकून ती सगळ्यांच्या आधी देवळापाशी पोचली. कागदाची पुडी तिथंच होती. तिनं ती पुरती उलगडली. वाकडं तोंड, अंगभर काटे, बटबटीत डोळे.

"घे बाई, अख्खा बघ," ती म्हणाली. "आणि हा काहीच नाही. मागून टोळी येतेय, तीही बघून घे."

मग ती डोंगर चढू लागली.