मधली भिंत

"ताई, भिंतीला कोण कान लावून बसलंय, ते यात दिसतं का?"

तोफेनं विचारूनच टाकलं. घरात तिला तोफच म्हणत, आणि मैत्रिणींनी हे विचारायची पैज लावल्यावर तोफ गप्प बसते थोडीच! घरातली ऊब कुठून निसटते ते शोधायला आलेल्या बाईंनी कॅमेऱ्यावरची नजर काढली नाही.

"भिंतीच्या आरपार नाही दिसत गं. वरवरची ऊब तेवढी दिसते. गरम ते पिवळं, गार ते निळं."

"हात्तिच्या!"

तोफेची खोली पिवळीधमक निघाली. मग आत्याच्या खोलीची पाळी. आत्या पलंगावरून उठून, शाल आवळत बाहेर आली. दाराशी तिची बॅग भरून ठेवली होती. रविवारी तिची काकांकडे रवानगी होती. आत्या मधल्या भिंतीला कान लावून आपले फोन ऐकते, म्हणून तोफेनं घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी आईबाबांनी हात टेकले. आत्या नुसतं "बरं" म्हणाली होती.

बाहेरच्या दोन्ही भिंती पडद्यावर निळ्याशार उमटल्या.

"इथं कोण झोपतं?" बाईंनी विचारलं. "खोली कसली, बर्फाची पेटी आहे ही."

"आमची ताई सतत गारठलेय म्हणायची," बाबा आत्याकडे बघत पुटपुटले. "आम्हाला वाटलं, वयाचं असेल."

बाईंनी कॅमेरा पलंगामागच्या मधल्या भिंतीकडे वळवला. ती भिंत फिकट पिवळी होती, आणि तिच्यावर एक मोठा, उजळ ठसा.

"बघा, हाच!" तोफ उसळली. "कान लावते म्हणत होते ना मी!"

"कान एवढा असतो होय? हे खांदे, ही पाठ. कोणीतरी टेकून बसलं होतं, आत्ताच उठलंय." बाईंनी भिंतीवर तळवा ठेवला. "या खोलीत ही एकच भिंत ऊबदार आहे. पलीकडे हीटर आहे ना?"

"माझ्या खोलीत," तोफ म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

पडद्यावरचा ठसा कडेकडेनं विरत चालला. तोफ पलंगावर चढली आणि तिनं त्याच जागी पाठ टेकवून बघितली. मग उतरली, दाराशी गेली, बॅग उचलली आणि सरळ आपल्या खोलीत नेऊन ठेवली.

"अगं, काय चाललंय?" आई म्हणाली.

"आत्या कुठंही जाणार नाही. आजपासून ती माझ्या खोलीत, मी हिच्या." तोफेनं आत्याकडे बघायचं टाळलं. "आणि पलंग हलवू नका. याच भिंतीला राहू द्या."