पुष्पांजलीचे शंभर मीटर

कट्टा पाठीवर घेताना पुष्पांजली पहिल्यांदाच नको म्हणाली.

पोलीस भरतीची तिची मैदानी चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि आम्ही नवरा-बायको राईस मिलच्या मागच्या आवारात उभे होतो. या मिलमध्ये मी चौदा वर्षं हमाली करतो. कट्टा म्हणजे धानाचं चाळीस किलोचं पोतं, पण त्या दिवशी मी मुद्दाम साठ किलोचा भरला होता. आम्हा हमालांची एक रीत आहे. ट्रक लागला की पहिली फेरी सगळ्यात जड पोत्याची करायची, म्हणजे मागची सगळी पोती हलकी लागतात. माझा हिशेब तोच होता. आज साठ किलो घेऊन बैठका मार, उद्या नुसतं स्वतःचं अंग घेऊन पळायचंय, ते हलकं लागेल.

"प्रफुल सरनं चार दिवस आराम कराले सांगितला ना," ती म्हणाली. "माह्या मांड्या भरून आल्या."

"निजून कोणाले ताकद येते का, पुष्पा?"

तिने वाकून कट्टा पाठीवर घेतला. तिने वीस बैठका मारल्या, आणि शेवटच्या पाच मारताना तिचे गुडघे थरथरत होते. मी ते पाहिलं. पाहूनही मोजत राहिलो.

आता खरं सांगतो. लग्नाआधी माहेरी, अर्जुनीकडच्या शाळांमध्ये हिच्यापुढे कोणी धावत नव्हतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने भरतीचा फॉर्म आणला. मी म्हटलं, पुढच्या साली भर. मग धानाची रोवणी आली, मग आईचं गुडघ्याचं दुखणं, मग आमची गंगा झाली. दर वेळी मी पुढचं साल दाखवलं. नाही कधी म्हटलं नाही मी, एवढा शहाणा आहे. असं करत सात वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यात तिने जन्माचा दाखला माझ्यासमोर ठेवला. वयात बसणारी ही शेवटची भरती, एवढंच बोलली आणि भांडी घासायला गेली. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही.

मग मीच तिचा मास्तर झालो. मला काय येत होतं, कपाळ! आधी कमरेला ट्रकचा टायर बांधून तिला नहराच्या पाळीवर, म्हणजे कालव्याच्या बांधावर पळवलं. दोन महिन्यांत दम वाढला, पण शंभर मीटरला सतरा सेकंद लागायचे ते सतराच राहिले. म्हणून कट्टे सुरू केले. मांड्या दगडासारख्या झाल्या, पण पळायची अशी की जणू कट्टा अजून पाठीवरच आहे. गोंदियात पोरींना भरतीसाठी तयार करणाऱ्या प्रफुल सरांना मी हातापाया पडून एका सकाळी मिलवर आणलं. ते बघून हसले. म्हणाले, ताकद बहुत है, देवचंदभाऊ, आता तिला वेग शिकवा. वजन अर्धं करा, पण उठताना झटक्यात उठू द्या. मिलच्या ओट्यावरून खाली उडी, पाय टेकले की लगेच वर उडी. तीस मीटरची धाव, मग पुरता दम खाऊ द्यायचा आणि मगच दुसरी.

मला ते कामचुकारपणासारखं वाटलं. चार उड्या मारायच्या आणि बसून राहायचं, ही काय मेहनत झाली? पण घड्याळ माझ्या बाजूने बोलेना. साडेसोळा झाले. मग सोळा. गेल्या आठवड्यात पंधरा पूर्णांक चार. त्या दिवशी ती हसली, लग्नात हसली होती तशी. सर म्हणाले, आता हात लावू नका. शेवटचे चार दिवस काही नाही, नुसतं चालणं आणि झोप.

तीन दिवस मी कसेबसे काढले. चौथ्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ती थोडक्यात हुकली तर? मग ती सात वर्षं कोणाच्या माथी? माझ्याच. त्या सात वर्षांची भरपाई मला एका दिवसात करायची होती, म्हणून मी तो कट्टा भरला.

मैदानावर मला आत सोडलं नाही. मी तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहिलो. शंभर मीटर आधी होतं. शिट्टी झाली आणि पुष्पा अशी सुटली की बाजूच्या बाया ओरडल्या. तीस मीटरपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. पन्नासलाही पुढे होती. साठच्या पुढे तिचा हात मांडीच्या मागे गेला आणि ती जागीच थांबली. बाकीच्या पोरी तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. मग ती एका पायावर लंगडत निघाली आणि उरलेलं सगळं अंतर तसंच चालून पार केलं. मी तार मुठीत धरून देवाची नावं घेत होतो. देवाचा त्यात काही दोष नव्हता.

कुंपणालगतच डॉक्टरांनी तिच्या मांडीला बर्फ बांधला आणि आठशे मीटर पळायला साफ मनाई केली. एक साहेब चांगल्या शब्दांत म्हणाले की ताई, आता गुण पुरे पडणार नाहीत, घरी जा, पायाची काळजी घ्या.

"गोळा बाकी आहे ना, सर?" तिने विचारलं. "माझं नाव आहे त्यात."

साहेबांनी हातातला कागद पाहिला आणि तिला रांगेत उभं केलं. तासभर ती उभी होती. पाळी आली तेव्हा धड असलेल्या डाव्या पायावर सगळा भार घेऊन तिने गोळा मानेला लावला आणि फेकला. फीत धरलेल्या पोलीसबाईने दोनदा वाकून पाहिलं. त्या सकाळी तिच्याएवढा लांब कोणीच फेकला नव्हता. आकडा लिहिला गेला. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

ती फाटकातून बाहेर आली. मी म्हटलं, चूक माझी आहे पुष्पा, कालचा कट्टा माझा. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"कालचं नाई म्हणून राहिली मी," ती हळूच बोलली. "एवढी ताकद तुमीच देल्ली मले. तेच पयल्या साली काऊन नाई देल्ली?"

ऑटो रस्त्याच्या पलीकडे उभे होते. तिच्याच्याने चालवत नव्हतं, म्हणून मी वाकून खांदा पुढे केला. तिने कुंपणाची तार धरली आणि तारेच्या आधाराने एकेक पाऊल टाकत पुढे गेली. मी तिच्या मागे तसाच वाकलेला चालत राहिलो.