वत्सलाबाईंची हळदीची पुडी

माणसाला विचारण्यापेक्षा कागद भरण्याची आपल्याला भारी घाई, नाही का हो? मनिषा सिस्टर त्यातल्याच. माजलगाव भागातल्या एका दवाखान्यात नोकरी सांभाळून त्या नर्सिंगचं पुढचं शिक्षण घेत होत्या. संशोधनाचा विषय होता नवजात बाळाची काळजी आणि बाळंतिणीच्या मनातली भीती. वीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन त्या खाटेखाटेपाशी उभ्या राहायच्या.

"भीती वाटते का?"

"न्हाई."

"नाळेला काही लावता का?"

"न्हाई."

चाळीस बाया, चाळीस नकार! सिस्टर खूश होत्या.

पाचव्या खाटेवर उर्मिला होती. पहिलटकरीण, सीझर झालेली. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण आई-बाप ऊसतोडीला गेलेले. म्हणून उशाशी सासू वत्सलाबाई. उर्मिलाही "न्हाई" म्हणाली, पण बाळाचं दुपटं तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

वॉर्डातल्या जुन्या आया छबुबाईंनी ते पाहिलं. सिस्टरांना बाहेर गाठून त्या म्हणाल्या, "मॅडम, सासू उशाला बसलेली अन् तुमी इचारता भीती वाटती का! ती काय सांगल? परवा नाळेला तेल लावलं म्हणून एकीला सगळ्यांदेखत किती झापलं तुमी. आता कोण खरं बोलंल?"

सिस्टरांना मिरची झोंबली. "बाळाच्या भल्यासाठीच बोलले ना मावशी!"

"भल्यासाठीच. पर बाया लई भेत्यात तुमाला."

भीती मोजायला निघालेली बाईच भीतीचं कारण! सिस्टरांनी फॉर्म टेबलावर ठेवला. छबुबाई वत्सलाबाईंना चहाला घेऊन गेल्या. सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या.

"उर्मिला, मी रागवणार नाही. काय झालंय?"

पोरीला रडूच फुटलं. "जावंचं लेकरू आठव्या दिवशी गेलं. माझंबी जाईल का वो? आत्याबाई रोज बेंबीला हळद-तेल लावत्यात. तुमी यायच्या आत मी पुसून टाकते."

सिस्टरांनी दुपटं सोडलं. नाळेभोवती लाली! त्यांनी तातडीनं डॉक्टरांना बोलावलं.

"बरं झालं, वेळेत कळलं," म्हणत डॉक्टरांनी औषध सुरू केलं.

वत्सलाबाई परतल्या आणि दारातच थबकल्या. परवाच्या सिस्टर असत्या तर म्हातारीची खैर नव्हती. आज त्यांनी विचारलं, "आजी, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

असं वत्सलाबाईंना आजवर कुणीच विचारलं नव्हतं. "एक नातू पुरलाय, बाई. ह्यो तरी जगावा म्हणून लावती हळद. मला दुसरं काय येतंय?" कनवटीची पुडी काढून त्यांनी सिस्टरांच्या हातात ठेवली. "सांगा, काय करू?"

"नाळ कोरडी ठेवायची, काही लावायचं नाही. बाळाला उराशी उबेत धरायचं. लाली दिसली, दूध ओढेना झालं, की लगेच आम्हाला सांगायचं."

वत्सलाबाईंनी ते तीनदा म्हणून पाठ केलं.

सिस्टरांनी मार्गदर्शक बाईंना फोन लावला. "मॅडम, माझी चाळीस फॉर्मची माहिती खोटी आहे. पुन्हा पहिल्यापासून विचारते. या वेळी शेजारी बसून."

मंडळी, अडाणी म्हणून हिणवलं की माणूस चूक सोडत नाही, फक्त लपवतो. आणि त्यात जीव बाळाचा जातो! शिकवायचं असेल तर आधी समोरच्याची भीती ऐकून घ्या.

नवव्या दिवशी नाळ कोरडीठाक होऊन पडली. नातवाला घेऊन घरी निघताना वत्सलाबाई शेजारच्या खाटेवरच्या सासूजवळ वाकून म्हणाल्या, "सिस्टरला खरं सांग बाई. आता वरडत न्हाई ती."