अनिसच्या छातीतली गाठ

इब्राहिमभाईंचं काळेवाडीत दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. मुलगा अनिस चाकणच्या कंपनीत लागला होता, दापोडीच्या अय्याजभाईंच्या हीनाशी त्याचं लग्न ठरलं होतं आणि घरात नुसती खरेदीची धांदल चालली होती. त्यातच अनिसला खोकला लागला. कंपनीतल्या धुळीचा असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. पण पुढं जिना चढताना त्याला धाप लागायला लागली, सकाळी तोंड सुजलेलं दिसायला लागलं, तेव्हा इब्राहिमभाईंनी गॅरेजचं शटर ओढलं आणि त्याला दवाखान्यात नेलं.

दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत मोसंबीएवढी गाठ निघाली. सुई घालून तिचा तुकडा तपासला. मग कॅन्सरच्या डॉक्टर नीला मॅडमनी अनिसची भलत्याच जागेची सोनोग्राफी सांगितली, तेव्हा इब्राहिमभाईंना राहवेना.

"मॅडम, दुखणं छातीत आहे. तुम्ही खाली कुठं बघताय?"

मॅडम हसल्या. "चाचा, ही गाठ ज्या पेशींची आहे त्यांची खरी जागा अंडकोषात. बाळ आईच्या पोटात असताना त्या पेशी अंगातून फिरत फिरत तिथं पोचतात. काही मात्र वाटेतच राहतात, आणि क्वचित कधीतरी त्यांची गाठ होते. खाली काही नाही ना, ते बघायलाच हवं."

खाली काही निघालं नाही. गाठ छातीतच सुरू झाली होती.

"कॅन्सर आहे, दुर्मिळ आहे," मॅडम म्हणाल्या, "पण या जातीवर केमो फार छान चालते. बहुतेक पोरं ठणठणीत होतात."

हे शेवटचं वाक्य इब्राहिमभाईंनी पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. पण मॅडमचं बोलणं संपलं नव्हतं. केमोमुळं पुढं मूल व्हायला अडचण येऊ शकते, तेव्हा आधीच वीर्य साठवून ठेवा, असं त्या म्हणाल्या. बापलेकांनी एकमेकांकडं न बघता माना हलवल्या. ते काम उरकून घरी येईपर्यंत दोघं फक्त बुलेटच्या क्लचप्लेटवर बोलत राहिले.

आता दापोडीला सांगणं भाग होतं. अनिस म्हणाला, "अब्बू, त्यांना मोकळं करा. हीनाला कशाला अडकवायचं?"

इब्राहिमभाई जड पावलांनी अय्याजभाईंच्या घरी गेले. सगळं सांगितलं आणि मान खाली घालून म्हणाले, "तुमच्यावर काही बंधन नाही."

अय्याजभाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. तेवढ्यात आतून हीना बाहेर आली.

"चाचा, डॉक्टर बरा होईल म्हणाल्या ना?"

"म्हणाल्या तर खरं."

"मग लग्नाची तारीख पुढं न्या. मोडायचं कशाला?"

कोपऱ्यात बसलेल्या हीनाच्या आजीनं, रुबीनाबींनी, विचारलं, "आणि लेकराबाळांचं काय?"

इब्राहिमभाईंचे कान लाल झाले. चहाच्या कपात बघत ते पुटपुटले, "ते... आधीच जपून ठेवलंय. दवाखान्यात. फ्रीजमध्ये."

 मग रुबीनाबी तोंडाला पदर लावून अशा काही हसल्या, की अय्याजभाईंनाही हसू आवरेना. हीना लाजून आत पळाली आणि इब्राहिमभाई कित्येक दिवसांनी पोट धरून हसले.

केमोनं अनिसला पिळून काढलं. केस गेले, जेवणाची चव गेली. हीना रोज व्हिडिओ कॉल करायची आणि तो निदान चार घास खाईपर्यंत फोन ठेवायची नाही. शेवटच्या स्कॅनमध्ये गाठीच्या जागी छोटासा वण तेवढा उरला होता. "त्यात आता जिवंत काही नाही, नुसतं लक्ष ठेवू," मॅडम म्हणाल्या. "तपासणीला येत राहा. आणि लग्नाचं बोलावणं विसरू नका."

लग्नाला त्या खरोखरच आल्या. नवरदेवाच्या डोक्यावर नुकतेच कोवळे केस उगवले होते आणि हीनाच्या मैत्रिणी हात फिरवून बघायला रांग लावत होत्या. ढोल सुरू झाला तसा अनिसनं बापाचा हात धरून त्यांना मधोमध ओढलं. इब्राहिमभाई आयुष्यात कधी नाचले नव्हते. त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं, मग दोन्ही हात वर केले आणि असे काही नाचले, की ढोलवाले दमून थांबले तरी ते थांबेनात.