पाचशे वॅटचं नादब्रह्म

बासष्ट सालची गोष्ट. मूर्तिजापूरच्या धर्मशाळेत त्या सोमवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध तक्तपोस, म्हणजे लाकडी फळ्यांचा मंच, त्यावर कपाटाएवढा रेडिओग्राम, रेडिओ आणि तबकड्या वाजवायचं यंत्र एकाच पेटीत, आणि त्याच्या कपाळावर पितळी पट्टी: 'नादब्रह्म, ५०० वॅट'. शेजारी रेशमी कफनीतले नादानंद महाराज.

"साध्या रेडिओत वॅट किती? तीन! चार! त्यानं बहिऱ्याचा पडदा हलेल? आमच्या नादब्रह्मात पाचशे! रोज तासभर ऐकवा, चाळीस दिवसांत कान उघडतील. पट्टीवर छापलंय, तोंडची बात नाही!"

छापलंय म्हटल्यावर माना डोलल्या. छापलेलं कुठं खोटं असतं?

महाराजांनी सात वर्षांच्या पंचफुलाला वर घेतलं. पोर जन्माची बहिरी. तिला अनवाणी, पेटीकडे पाठ करून तक्तपोसावर उभं केलं. तबकडीवर मृदंग कडाडला आणि पंचफुला गर्रकन वळली!

"ऐकलं! पोट्टीनं ऐकलं!" एकच गलका झाला. तिचा बाप किसनराव तर रडूच लागला. पोरीला नागपूरच्या बहिऱ्यांच्या शाळेत घालायचे पैसे त्याच्या कनवटीला होते. पेटी विकत घ्यायला हात तिकडे गेला.

त्याच्या बायकोनं, मनकर्णेनं, तो हात धरला. डोळे तिचेही भरले होते. पण घरी पोर बाजेवर बसलेली असली की मनकर्णा बाजेच्या लाकडावर थापटी मारी, आणि पोर अशीच वळे. अगदी अशीच.

"काहून अडवतं वं?" किसनराव ओरडला. "पोरगी ऐकून राह्यली ना!"

मनकर्णा तक्तपोसावर चढली. पोरीला कडेवर घेतलं. "आता वाजवा."

"माताजी, शक्तीची परीक्षा पाहू नये. श्रद्धा हवी!"

"बुवा, आज माहा सोमवार हाय. सकाळपासून पान्याचा थेंब घेतला नाही. श्रद्धा मले नोका शिकवू. वाजवा."

मृदंग वाजला. पंचफुला आईच्या गळ्यातल्या पोतीशी खेळत राहिली. आवाज वाढवला. तरी तेच. पाय लाकडावर टेकवले, पोर वळली. पुन्हा उचललं, पुन्हा काही नाही. तीनदा केलं. चौथ्यांदा कोणी मागितलं नाही.

"कानानं नाही, तळपायानं समजते तिले. लाकूड हादरते ना!"

"मग आपल्या कन्येला पाचशे वॅट कमी पडताहेत," महाराज डगमगले नाहीत. "हजाराचं मागवू!"

मागून कोणी खो-खो हसलं. वीज कंपनीचे मीटर वाचणारे रामराव. "हजाराचं मंग पाहू, महाराज. आधी पाचशे त मोजू!"

त्यांनी धर्मशाळेचे सगळे दिवे मालवले. नुसती पेटी सुरू ठेवली, अगदी मोठ्या आवाजात. भिंतीवरच्या वीजमीटरची चकती सावकाश फिरू लागली. मग पेटी बंद करून साठ वॅटचा एकच दिवा लावला. चकती अधिक भरभर फिरली.

"पाहा! साठाच्या दिव्यापेक्षा बी पेटी कमी वीज खाते. विहिरीत एक मोट पानी, अन् हे पाचशे मोटा काढून राह्यले!"

महाराजांचा आवाज एकदम बिनवॅटचा झाला. पण हेका सुटेना. "कोणत्या कायद्यानं मला अडवता? दाखवा!"

रामरावांना ठाऊक होता तो कायदा वजनमापांचा. नव्या किलोच्या मापावर सरकारचा शिक्का होता, तो नसला तर दुकानदाराला दंड होता. वॅटच्या पट्टीवर कोणाचाच शिक्का नव्हता. ज्यानं त्यानं हवा तो आकडा ठोकावा.

"नाही ना कायदा?" मनकर्णा म्हणाली. "मंग मांगू. लिवा रामराव, अकोल्याच्या कलेक्टरसाहेबाले. माहा अंगठा पयला."

"बाई, देवाच्या कामात सरकार आणता?" महाराज कळवळले.

"देवाले माप कोन लावते, बुवा? तुमच्या पेटीले लावा म्हंतो." ती किसनरावाकडे वळली. "उद्याच्या गाडीनं पोरीले नागपूरले न्याचं. बांधा कनवटी घट्ट."

किसनरावानं डोळे पुसले, कनवटी बांधली आणि अर्जावर दुसरा अंगठा उमटवला. मागे रांग लागली.

बायांनो, बाप्यांनो, हात जोडायचे तिथं जरूर जोडा. पण विकणारा आकडा सांगू लागला की हात सोडा, आणि मोजून मागा.